नऊ मीटरची गल्ली

राईस मिल गल्ली,
११ सप्टेंबर २०२३

प्रिय धनू,

घरी सगळे बरे आहेत. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की कोणी गेलं असं समजून माणूस आधी शेवटची ओळ वाचतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगितलं. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी ठेवून देतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. पत्ता रीताकडून घेतला, बायकोवर त्यासाठी रागावू नको.

कामापुरतंच लिहिते. तू पुण्यात बसून गावोगावचे नकाशे करतोस, तर त्यातलं मला एक विचारायचं आहे. केवळ माहितीसाठी.

आपल्या नगर परिषदेच्या सभागृहात मोठा नकाशा लावला आहे. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं वाढणार, कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे बगीचा, हे त्यात रंगवलंय. शहर वाढलंय हे खरं. मोहाडी रोडला जिथे आपण धानाच्या बांधीत खेकडे धरायचो तिथे आता प्लॉटचे दगड आहेत. तुझे भाऊजी घरपट्टीच्या कामाला गेले होते, त्यांनी नकाशा पाहिला आणि घरी येऊन म्हणाले, आपली गल्ली पिवळी दाखवली आहे. मी म्हटलं, कावीळ झाली का?

मग मी आणि दीपमाला स्वतः जाऊन आलो. दीपमाला तुला माहीत नाही. समोरच्या ओळीत राहते, पुढच्या खोलीत शिलाईच्या तीन मशिनी टाकल्या आहेत, निम्म्या शहराचे शाळेचे ड्रेस शिवते. वरणाला फोडणी देऊन येते आणि काजं करते, काजं करून जाते आणि सासूला गोळी देते. तिथल्या पोराने आम्हाला समजावलं. पिवळं म्हणजे राहण्याची जागा, निळं म्हणजे दुकानं. निळा पट्टा बायपासला आहे, आपल्यापासून दोन किलोमीटर. आज तुमच्या दुकानांना कोणी कुलूप लावणार नाही, म्हणाला. पण पुढे परवाना नवा करायचा, विजेचा लोड वाढवायचा, दुसरं काही सुरू करायचं, तर पिवळा रंग आडवा येईल.

आता सांग. आपल्या गल्लीत कोण नुसतं राहतं? बाबांनी खाली चक्की टाकली आणि वर आपल्याला वाढवलं. कैलाश सायकली दुरुस्त करतो आणि त्याच दुकानाच्या मागे झोपतो. म्हाताऱ्या बाया पाच किलो गहू डोक्यावर घेऊन बायपासला जातील का?

हरकत द्यायला तीस दिवस आहेत. नियम काय आहे तेवढं कळव. नाही कळवलंस तरी चालेल. पण तीसच दिवस आहेत.

तुझी,
बाई

*

राईस मिल गल्ली,
२२ सप्टेंबर २०२३

प्रिय धनू,

तुझं पाकीट गणपतीच्या दिवशी आलं. मी आधी देवापुढे ठेवलं, मग उघडलं. आत नियमाच्या पुस्तकाचं एक झेरॉक्स पान, त्यावर पेन्सिलने एक ओळ अधोरेखित. तुझा एक शब्द नाही. पाकीट उलटं करून झटकलं, तरी काही पडलं नाही. तुझे भाऊजी म्हणाले, "पेन्सिल त्यानंच मारली ना? मंग तेच पत्र समज."

ती ओळ आम्ही तिघांनी मिळून वाचली. कळलं ते असं: रस्ता नऊ मीटर किंवा त्याहून रुंद असला, तर पिवळ्या भागातही खाली दुकान आणि वर घर चालतं. त्याहून अरुंद असला, तर बारीकसारीकच चालतं आणि त्यात चक्की बसत नाही. नकाशात आपली गल्ली सात मीटर लिहिली आहे.

मला तान्ह्या पोळ्याची गंमत आठवली. मागच्याच आठवड्यात झाला. गल्लीतली पोरं लाकडाचे नंदी घेऊन रांगेने निघाली. राईस मिलकडून येताना गल्लीभर पसरून शेजारी-शेजारी चालत होती, एका ठिकाणी आली आणि दोघं-तिघं मागे सरली, पुढे गेली की पुन्हा पसरली. मी ओट्यावर बसून पाहत होते. तेव्हा हसले, आता कळलं.

म्हणून आम्ही टेप घेऊन मोजलं. एक टोक कैलाशने धरलं, एक मी. भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्ली नऊ मीटरच्या वरच भरली, कुठे नऊ दहा, कुठे नऊ वीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाऊजी म्हणाले, भरणारच. राईस मिल चालू होती तेव्हा धानाच्या दोन बैलबंड्या आमनेसामने निघाव्यात म्हणून ही गल्ली ठेवली होती. पण मिल बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झाली, बंड्या गेल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या दारापुढे थोडं-थोडं घेतलं. कोणाची पायरी, कोणाचा टिनाचा शेड, कोणाचा नळाचा चबुतरा. नकाशावाल्याने उरलेलं मोजलं, त्याचं काय चुकलं? बहुतेक ठिकाणी सात मीटर उरतं. एका ठिकाणी सहाच.

म्हणजे प्रत्येकाने आपलं घेतलेलं परत दिलं तर गल्ली वाचते. कागदावर किती सोपं आहे.

आणखी एक अडचण आहे, तिचं नाव कृष्णराव. कोर्टात बाबू होते, आता निवृत्त. बायको वारली, मुलगा नागपूरला. आपल्या घराला लागून उजवीकडे राहतात. चक्कीच्या आवाजाबद्दल त्यांनी आजपर्यंत आमच्याविरुद्ध अकरा अर्ज दिले आहेत, आणि अक्षर इतकं सुंदर की नगर परिषदेतली माणसं ते एकमेकांना दाखवतात. पिवळा रंग पाहून ते खूश आहेत. मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आता तरी कानाले आराम भेटन." त्यांचं दळण मात्र आपल्याच चक्कीवर येतं. मोलकरणीच्या हाती पाठवतात आणि डब्यावर नाव लिहीत नाहीत. अक्षर ओळखू येईल म्हणून.

बाकी ठीक. माझी भाची टीना आता किती मोठी झाली?

तुझी,
बाई

*

राईस मिल गल्ली,
२ ऑक्टोबर २०२३

प्रिय धनू,

मागच्या पत्रात मी "एका ठिकाणी" असं लिहिलं. तुला न सांगताच कळलं असेल. ते ठिकाण आपलंच आहे. आपला ओटा सगळ्या गल्लीत सर्वात पुढे आला आहे, साडेचार फूट, आणि त्यापुढे पोती चढवायचा उतार वेगळा. आणि "केवळ माहितीसाठी" हेही खोटं होतं. आपली गुड्डी आणि आमचे जावई अमर मोहाडीहून परत यायचं म्हणतात. चक्कीच्या बाजूच्या खोलीत तिखट-हळद कुटायची मशीन टाकायची तिची इच्छा आहे. लेकरू दीड वर्षाचं आहे. घर वर आणि काम खाली असलं तर तिला जमेल, बायपासला जमणार नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

काल आपल्या चक्कीत गल्लीची बैठक झाली. हरकतीवर सही करायला सगळे तयार. पायरी काढायला कोणी तयार नाही. मी समजावत होते, गल्लीसाठी एवढं करा म्हणत होते. कैलाश शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "बाई, राग नका मानू. पयले तुमचा ओटा तुटू द्या. मंग मी माह्या हातानं माहा शेड काढतो."

सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, विचार करून सांगते.

गुड्डीच्या लग्नात तू हेच म्हणाला होतास. तुझ्या खिशात तेव्हाही टेप होता, लोकांच्या खिशात कंगवा असतो तसा. ओटा मोजून तू म्हणालास, "बाई, हा रस्त्यात आहे. आज ना उद्या काढावा लागन." तू काही वाईट बोलला नव्हतास. मी मात्र भरल्या मांडवात म्हटलं, "बाबाच्या मातीले आला नाहीस, अन् ओटा तोडाले आलास." तू हातातली प्लेट ठेवलीस आणि निघून गेलास. तेव्हापासून आपलं बोलणं नाही.

आता जे लिहिते ते तुझ्या भाऊजींना माहीत आहे, फक्त तुला माहीत नाही. मी तुला सांगितलं होतं की बाबा अचानक गेले. अचानक नाही गेले. सोमवारी चक्कीवर छातीत दुखलं, सरकारी दवाखान्यात नेलं. सोमवार, मंगळवार शुद्धीवर होते, बोलत होते. बुधवारी सकाळी गेले. तुला फोन मी बुधवारी केला. सोमवारी केला असता तर तू पोचला असतास, बोललाही असतास.

तू मातीला आला नाहीस, कारण मी तुला वेळेवर बोलावलं नाही. आणि तेच मी सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर फेकलं. का बोलावलं नाही ते आज लिहीत नाही. कारण सांगितलं की माफी लहान होते. मला मोठी मागायची आहे.

आता तुला जे वाटेल ते वाटू दे.

बाई

*

राईस मिल गल्ली,
११ ऑक्टोबर २०२३

प्रिय धनू,

तुझं काही आलं नाही. मीही तुझ्या जागी असते तर लिहिलं नसतं. पण इथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वाच किंवा नको वाचू.

ओटा तोडला.

गांधी जयंतीचं ते पत्र पेटीत टाकून आले आणि यांना म्हटलं, घन काढा. यांनी घन आणून माझ्याच हातात दिला आणि बाजूला उभे राहिले. मी बाबांना आठवत उभी राहिले. हे म्हणाले, "आता काहून थांबून राहिली? ओटा बाबाचा होता, पण रस्ता सगळ्याइचा आहे. मार." मी मारला. पहिल्या घावात काही झालं नाही, सिमेंटने मलाच झटका दिला. दहाव्या घावाला कोपरा निघाला. तोवर कैलाश लोखंडी सब्बल घेऊन आला, दीपमालाच्या घरचे आले, आणि दुपारपर्यंत अर्धा ओटा गल्लीत आडवा झाला होता.

आता ऐक गंमत. ओट्याखाली नाली होती हे सगळे विसरून गेले होते. बाबांनी बांधला तेव्हा खाली पाईप टाकला असेल, तो फुटून मातीने गच्च भरलेला. कैलाशने सब्बल घातली आणि आत साचलेलं पाणी धो-धो करत निघालं. त्याच क्षणी शेजारच्या घरातून कृष्णराव ओरडले. आम्हाला वाटलं, झाला बारावा अर्ज. ते धोतर सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "माहं न्हाणीघर खाली झालं."

म्हणजे असं की, गेली पंधरा वर्षं त्यांच्या न्हाणीतलं पाणी तुंबत होतं. प्लंबर आणले, फरशी फोडली, मुलाशी भांडले. आणि बूच आमच्या ओट्याखाली होतं. मी खाली मान घालून उभी होते. ते वाकून नालीत डोकावले आणि मला म्हणाले, बाई, तुमचा आवाज मी मोजत बसलो आणि तुमची नाली मला दिसलीच नाही. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि चहा मागितला. आमच्या घरचा त्यांनी घेतलेला हा पहिला चहा.

चक्कीची पायरी आता रस्त्याकडे न काढता दाराच्या आत कापायची होती. गवंडी चार दिवस लागला, तेवढे दिवस चक्की बंद. तिसऱ्या दिवशी कृष्णराव पुन्हा आले आणि विचारलं, चक्की केव्हा सुरू होणार? मी म्हटलं, तुम्हाला तर आराम पाहिजे होता. ते गेले आणि संध्याकाळी आमच्या हरकतीचा कच्चा मसुदा मागून नेला. दुसऱ्या दिवशी साडेतीन पानांचा अर्ज घेऊन आले, सगळा स्वतःच्या हाताने लिहिलेला. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. पहिली सही त्यांचीच होती.

त्यांनी एक अट घातली: दुपारी एक ते चार चक्की बंद, आणि मोटारीखाली रबराच्या गाद्या. मी म्हटलं, दोन्ही कबूल. दुपारी एक ते चार मलाही झोप येते.

कैलाशने शब्द पाळला, शेड काढला. मग एकेक करत सगळ्यांनी. दीपमालाने नळाचा चबुतरा हलवला. गल्लीत आठवडाभर इतकी ठोकाठोक चालली की नवीन माणसाला वाटावं, इथे लढाई झाली. काल हरकत दाखल झाली. सत्तेचाळीस सह्या. शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे.

तू गप्प आहेस, मी समजते. रीताने फोनवर एवढंच सांगितलं की पत्र तू वाचलंस आणि त्या दिवशी ऑफिसला गेला नाहीस. मी तिला पुढे काही विचारलं नाही.

बाई

*

राईस मिल गल्ली,
२९ नोव्हेंबर २०२३

प्रिय धनू,

दिवाळी झाली. भाऊबीजेला तुझ्या नावाने चंद्राला ओवाळलं, दर वर्षीसारखं. आता सुनावणीचं सांगते.

मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी अकराला बोलावलं होतं. आमचा नंबर दुपारी लागला. टेबलामागे नियोजन समितीची पाच माणसं, मधे नगररचना विभागाच्या एक मॅडम. चष्म्यावरून पाहणाऱ्या, तुझ्यासारख्या. गल्लीतले आम्ही एकवीस जण गेलो होतो, त्यांनी दोघांनाच बोलायला सांगितलं. कृष्णराव आणि मी.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. दीपमालाची फोडणी आणि काजं सांगितली. गुड्डीचं सांगितलं. म्हटलं, मॅडम, आमच्या गल्लीत बाया दिवसभर घरीही असतात आणि कामावरही असतात, तुमच्या नकाशात या दोन्हीसाठी मिळून एक रंग नाही का? एक सदस्य हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी फाईल उघडली आणि कृष्णरावांना विचारलं, "तुमचेच अकरा अर्ज इथे आहेत. सगळे चक्कीच्या विरुद्ध. आणि आज तुम्ही चक्कीच्या बाजूने?"

हे अर्ज तिथे निघतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कृष्णराव उभे राहिले. कोर्टातल्या माणसाला उभं राहायचं कसं ते माहीत असतं.

"मॅडम, अर्ज माहेच आहेत. एकही खोटा नाही," ते म्हणाले. "मले शांतता पायजे होती. ओटा तोडला तेव्हा चक्की चार दिवस बंद होती, तेव्हा भेटली शांतता. पयल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बीपीची गोळी घ्याची राहून गेली. तेव्हा समजलं का मी घड्याळ पाहतच नाही. चक्की सुरू झाली का मी चहा ठेवतो, बंद झाली का गोळी घेतो. घरात मी एकटा आहे. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं, चक्की केव्हा सुरू होते म्हणून. आवाज कमी झाला पायजे, हे आजही म्हणतो. त्याच्यासाठी वेळ ठरवली, रबर लावलं. पण गल्ली मुकी झाली तर मी अर्ज कोणाविरुद्ध लिहू?"

आता सगळेच हसले, मॅडमही. पण मी हसले नाही. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून आहे, आणि ते एकटे कसे राहत असतील हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, बोलणं ऐकलं, पण निर्णय रुंदीवर होईल, जागेवर येऊन मोजू. काल आल्या. सोबत दोन माणसं, लांब टेप. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे, परीक्षेला बसल्यासारखे. आपल्या दारापुढे नऊ वीस. दीपमालाकडे नऊ पंधरा. कैलाशकडे नऊ दहा. मग कृष्णरावांच्या दारापुढे टेप धरला आणि माणसाने आकडा वाचला, आठ सत्तर.

त्यांच्या भिंतीला लागून विटांचा वाफा आहे, जास्वंद आणि मोगरा लावलेला. बायकोने लावलेला. इतक्या जणांच्या पायऱ्या निघाल्या, पण फुलझाडांना अतिक्रमण कोण म्हणणार? त्यांनी स्वतः साडेतीन पानं लिहिली, त्यांच्याही लक्षात आलं नाही, आणि आमच्यापैकी ज्यांच्या आलं असेल ते बोलले नाहीत.

कृष्णराव आत गेले. मला वाटलं, दार लावून घेतात. ते सब्बल घेऊन बाहेर आले आणि मॅडमना म्हणाले, "दहा मिनिटं थांबता का?"

मॅडम थांबल्या. कैलाश सब्बल घ्यायला पुढे झाला तर त्याला हातानेच थांबवलं. विटा त्यांनी स्वतः काढल्या, एकेक, बाजूला रचत. दीपमालाने आपली सगळी रिकामी पिंपं आणली आणि आम्ही बायांनी झाडं मुळांसकट उचलून त्यांत लावली. दहाची पंचवीस मिनिटं झाली. मग टेप पुन्हा धरला. नऊ पंधरा. मॅडमनी स्वतः वाकून आकडा पाहिला आणि वहीत लिहिला. जाताना कृष्णरावांना म्हणाल्या, मोगऱ्याला दोन दिवस सावलीत ठेवा.

तुला हे सगळं सांगताना इतकं लिहिलं की माझाच हात दुखतो आहे. तुला तिथे असायला पाहिजे होतं. हे मी मनापासून म्हणते, टोमणा नाही.

बाई

*

राईस मिल गल्ली,
२७ डिसेंबर २०२३

प्रिय धनू,

तुझं पत्र आलं. अर्धं पान, पण तुझ्या हाताचं. हे म्हणाले, वाच मोठ्याने. मी वाचलं नाही. आधी एकटीने वाचलं, मग त्यांना वाचायला दिलं.

आधी बातमी सांगते. समितीचा अहवाल झाला. राईस मिल गल्ली नऊ मीटरचा रस्ता म्हणून दाखवावी आणि तिथे घर-दुकान एकत्र चालू द्यावं, अशी शिफारस केली आहे. सरकारची शेवटची मंजुरी यायची आहे, तिला वेळ लागतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पण समितीने मानलं म्हणून गल्लीत पेढे वाटले. रस्ता मोकळा झाल्यापासून संध्याकाळी बाया खुर्च्या काढून बसतात आणि मधून ऑटो निघतो तरी कोणाला उठावं लागत नाही. दीपमालाने चौथी मशीन घेतली. गुड्डी आणि अमर संक्रांतीनंतर येत आहेत. मिरची कुटताना शिंका येतील म्हणून कृष्णरावांनी आधीच सांगून ठेवलंय की वेळेबद्दल बसून बोलावं लागेल. अर्ज देणार नाही म्हणाले, बोलतील.

आणि तू लिहितोस की तुझ्या बिल्डिंगच्या आसपास दीड किलोमीटर एकही दुकान नाही, रीताला कोथिंबिरीसाठी गाडी काढावी लागते, आणि तो भाग तूच आखला होतास. मी हसले, तू रागावणार नाहीस असं समजून.

आता तुझा प्रश्न. तू एवढंच विचारलंस, "बाई, फोन काहून नाही केला? आता तरी सांग." सांगते.

सोमवारी दवाखान्यात बाबांना पलंगावर टाकलं तेव्हा मी फोन हातात घेतला होता. तुझा नंबर लावतच होते. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "धनूले काही सांगू नको. उद्या त्याचा इंटरव्ह्यू आहे. तो सोडून धावत येईन. त्याले इंटरव्ह्यू देऊ दे. मी कुठी जाऊन राहिलो?"

मी म्हटलं, बाबा, त्याला सांगायला पाहिजे. ते म्हणाले, शब्द दे. मी दिला. मंगळवारी दिवसभर ते खिडकीकडे पाहत विचारत होते, किती वाजले, आता आत गेला असेल का, आता निघाला असेल का. संध्याकाळी म्हणाले, "झाला का त्याचा इंटरव्ह्यू?" मी म्हटलं, झाला. "कसा झाला?" मी म्हटलं, चांगला झाला, खूप खूश आहे धनू. मला काही माहीत नव्हतं. मी तुला फोनच केला नव्हता, तर माहीत कसं असणार? पण ते इतके खूश झाले की उशी मागून उठून बसले आणि नर्सबाईला सांगितलं, माझा पोरगा शहरं आखणार आहे. मला म्हणाले, आता उद्या सकाळी सांग त्याला, सांग बाबा बरे आहेत. मग सकाळ झाली.

एवढंच आहे. त्यांना दिलेला शब्द पाळला आणि तुझे हक्काचे ते दोन दिवस मी घेतले. बरोबर केलं का चूक, हे मला बारा वर्षांत ठरवता आलं नाही. तू ठरव, आणि जे ठरवशील ते मला मान्य.

तू पुढच्या शुक्रवारी निघतोस असं लिहिलंस. टीना आणि रीताला घेऊनच ये, जागा आहे, वरच्या दोन्ही खोल्या झाडून ठेवल्या आहेत. वरठी स्टेशनला उतरलात की हे ऑटो घेऊन उभे असतील. स्वेटर आणा, थंडी पडली आहे. लाखोरीच्या डाळीचे वडे करते, पोरीला तिखट चालतं का ते विचारून कळव.

आणि आल्यावर मला एक सांगायचं, पत्रात नको, समोर बसून. तो इंटरव्ह्यू खरंच चांगला झाला होता का रे?

तुझी वाट पाहणारी,
बाई